ब्राउझर अपडेट झाला आणि कोसळला? अनइन्स्टॉल करण्याआधी हे वाचा!

काल रात्रीपर्यंत मस्त चालणारा ब्राउझर आज उघडताक्षणी बंद पडतोय? दोष कुठे आहे ते शोधायची एक साधी पद्धत आहे. ती ठाऊक असेल तर पासवर्ड, बुकमार्क्स आणि डेडलाइन, तिन्ही वाचतात.

परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख. रात्रीचे साडेदहा वाजलेत. फोटो, सही, मार्कशीट सगळं सांगितलेल्या साइजमध्ये बसवून तुम्ही तयार आहात. ब्राउझरवर क्लिक करता, विंडो दोन सेकंद दिसते आणि गायब! पुन्हा क्लिक, पुन्हा गायब. मग आठवतं, दुपारी कोपऱ्यात 'अपडेट' असं काहीतरी आलं होतं आणि आपण 'रीलाँच' दाबलं होतं.

क्लासच्या ग्रुपवर मेसेज टाकला की तीन मिनिटांत पाच रिप्लाय. 'अनइन्स्टॉल कर.' 'विंडोजच नवीन टाक.' 'अँटिव्हायरस उडव.' 'मी तर अपडेट बंदच ठेवतो.' आणि पाचवा, 'माझा तर चालतोय रे!'

पहिले चार सल्ले तूर्त बाजूला ठेवा. वैताग आणणारा तो पाचवा रिप्लायच खरा कामाचा आहे. त्याला लगेच विचारा, 'तुझं व्हर्जन कोणतं?' अपडेट सगळ्यांना एकाच दिवशी मिळत नाही. कंपन्या ते आधी थोड्या लोकांना देतात, मग हळूहळू वाढवतात. त्याचं व्हर्जन जुनं असेल तर तुलनाच संपली. पण त्याचंही व्हर्जन तेच असेल आणि तरी त्याचा ब्राउझर चालत असेल, तर अपडेट सरसकट खराब नाही. तुमच्या मशीनवरची कुठली तरी गोष्ट नव्या व्हर्जनशी जुळत नाहीये. ती गोष्ट कोणती, एवढंच शोधायचं आहे.

आधी फॉर्म, मग दुरुस्ती

डेडलाइन दीड तासावर असताना दुरुस्तीला बसू नका. विंडोजच्या लॅपटॉपवर एज आणि मॅकवर सफारी आधीपासून असतंच. त्यात लॉग-इन करून फॉर्म पूर्ण करा. तुम्ही मध्ये कुठे 'सेव्ह' दाबलं असेल तर तेवढी माहिती बहुतेक वेळा साइटकडे जमा असते, ती दुसऱ्या ब्राउझरमध्येही दिसते. पासवर्ड आठवत नसेल तर फोनवर त्याच अकाउंटने ब्राउझर वापरता का बघा. सिंक चालू असेल तर तो तिथे सापडेल. काहीच जमलं नाही तर फोनच्या ब्राउझरमध्ये 'डेस्कटॉप साइट' हा पर्याय निवडून फॉर्म भरता येतो. कटकटीचं आहे, पण होतं.

फॉर्म सबमिट झाला, पावतीची पीडीएफ डाउनलोड झाली? आता शांतपणे बसा.

नेमकं काय मोडलंय?

'ब्राउझर क्रॅश होतो' या एका वाक्यात तीन-चार वेगळ्या गोष्टी असतात. २००८ मध्ये क्रोम आलं तेव्हापासून त्यात प्रत्येक टॅबचं काम शक्यतो वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतं. हॉस्टेलमध्ये प्रत्येक खोलीला वेगळा फ्यूज असतो तसंच. एका खोलीत इस्त्रीमुळे फ्यूज उडाला तरी बाकीच्यांचे दिवे चालू राहतात. आज बहुतेक मोठे ब्राउझर असेच बांधलेले आहेत.

म्हणून आधी नीट बघा. एकाच टॅबमध्ये 'ऑ, स्नॅप!' येतंय आणि बाकीचे टॅब चालू आहेत? मग फ्यूज त्या खोलीचा उडालाय. गडबड त्या साइटशी, एखाद्या एक्स्टेन्शनशी किंवा कमी पडणाऱ्या मेमरीशी असू शकते. प्रत्येक साइटवर 'ऑ, स्नॅप!' येतंय? मग बाहेरचा कुणीतरी सगळ्या टॅब्जमध्ये लुडबुड करतोय, बऱ्याचदा अँटिव्हायरस. विंडो उघडते पण पांढरी किंवा काळीच राहते? ग्राफिक्सवर संशय घ्या. आणि अख्खी विंडोच गायब होते? मग तुमचं प्रोफाइल, ग्राफिक्स किंवा इन्स्टॉलेशन यांपैकी काहीतरी.

एरर मेसेज आला तर लगेच स्क्रीनशॉट काढा. 'काहीतरी इंग्लिशमध्ये आलं होतं' यावर कुणालाच मदत करता येत नाही.

आजवर काय काय झालंय

हे तुमच्याच बाबतीत घडतंय असं नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्रोमचं ७८ वं व्हर्जन आलं आणि अनेक ऑफिसांमधल्या कॉम्प्युटर्सवर प्रत्येक टॅबमध्ये 'ऑ, स्नॅप!' दिसू लागलं. क्रोमने सुरक्षेसाठी एक नवा नियम लावला होता. टॅबच्या प्रोसेसमध्ये बाहेरचा, योग्य डिजिटल सही नसलेला कोड घुसू द्यायचा नाही. सिमँटेकच्या सिक्युरिटी सॉफ्टवेअरची काही जुनी व्हर्जन्स नेमका तसाच कोड टॅबमध्ये घालत होती. क्रोम नवं आणि सिक्युरिटी सॉफ्टवेअर जुनं, दोघांचं जुळेना. उपाय क्रोममध्ये नव्हता. ते सिक्युरिटी सॉफ्टवेअर अपडेट करणं हा उपाय होता.

१३ जानेवारी २०२२ ला फायरफॉक्सच्या लोकांना वेगळाच अनुभव आला. जगभर फायरफॉक्स अचानक अडकलं, पानं उघडेनात. अनेकांना वाटलं, नवीन अपडेटने घोळ केला. प्रत्यक्षात फायरफॉक्स ज्या क्लाउड सेवेशी संपर्क साधतं, तिथे एक सेटिंग बदललं होतं आणि त्यामुळे फायरफॉक्समध्ये आधीपासून लपलेला एक दोष जागा झाला होता. मोझिलाने सर्व्हरच्या बाजूने दुरुस्ती केली आणि लोकांना फायरफॉक्स फक्त बंद करून पुन्हा उघडावं लागलं. त्या दिवशी ज्यांनी घाईघाईत सगळं अनइन्स्टॉल केलं, त्यांची मेहनत फुकट गेली.

यातून एक सवय लावून घ्या. क्रॅश सुरू झाला की पहिली पाच मिनिटं हे तपासायला द्या, की हे फक्त माझ्याकडे होतंय की सगळ्यांकडे? सगळ्यांकडे होत असेल तर चहा प्या. दुरुस्ती तिकडून येईल.

एका वेळी एकच गोष्ट बदला

फक्त तुमच्याकडेच होतंय? मग पुढच्या पायऱ्या याच क्रमाने करा. एका वेळी एकच बदल करायचा आणि लगेच ब्राउझर चालवून बघायचा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि ब्राउझर सुरू झाला, तर कशामुळे सुरू झाला ते कळणार नाही आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तिथेच याल.

१. खराखुरा रीस्टार्ट. विंडोजमध्ये 'शट डाउन' करून पुन्हा चालू करणं आणि 'रीस्टार्ट' करणं यात फरक आहे. 'फास्ट स्टार्टअप' सुरू असेल तर शट डाउनमध्ये सिस्टीमचा काही भाग जसाच्या तसा साठवून ठेवला जातो. रीस्टार्टमध्ये सगळं कोरं सुरू होतं. अपडेट अर्धवट लागलं असेल तर ते इथेच मार्गी लागतं. लिनक्सवाल्यांनो, तुमच्याकडे फायरफॉक्स चालू असतानाच सिस्टीम त्याच्या फाइल्स बदलू शकते. मग नवे टॅब उघडत नाहीत आणि रीस्टार्ट करा असा मेसेज येतो. तेवढं केलं की काम झालं.

२. आणखी नवं अपडेट आलंय का? ब्राउझर थोडा वेळ तरी टिकत असेल तर मेन्यूमधल्या 'हेल्प'मध्ये जाऊन 'अबाउट' उघडा. तिथे व्हर्जन दिसतं आणि ताजं अपडेट आहे का याची तपासणीही आपोआप होते. मोठ्या व्हर्जननंतर काही दिवसांत छोटी दुरुस्ती येणं नेहमीचं आहे. व्हर्जनच्या आकड्यात शेवटचा भाग बदललेला दिसतो, तीच ही दुरुस्ती.

३. एक्स्टेन्शन्स तपासा. क्रोममध्ये कंट्रोल-शिफ्ट-एन दाबून इनकॉग्निटो विंडो उघडा. तुम्ही मुद्दाम परवानगी दिली नसेल तर तिथे एक्स्टेन्शन्स चालत नाहीत. फायरफॉक्समध्ये शिफ्ट दाबून धरून ब्राउझर उघडा, 'ट्रबलशूट मोड'चा पर्याय येईल. इथे सगळं नीट चाललं तर संशय एक्स्टेन्शन्सवर. आता एकेक बंद करत बसू नका. वीस असतील तर दहा बंद करा. क्रॅश थांबला तर दोषी त्या दहांत आहे, नाही थांबला तर उरलेल्या दहांत. मग पाच, मग दोन-तीन. जास्तीत जास्त पाच फेऱ्यांत गुन्हेगार सापडतो. आणि हो, फर्स्ट इयरला एका असाइनमेंटसाठी टाकलेला तो पीडीएफ कन्व्हर्टर अजून आहे का? काढून टाका.

एक्स्टेन्शन्स सगळी बंद करूनही नेहमीच्या विंडोत एकच साइट क्रॅश होते, पण इनकॉग्निटोमध्ये चालते? मग फक्त त्या साइटच्या कुकीज आणि साठवलेला डेटा पुसा. सगळ्या साइट्सचा पुसायची गरज नाही.

४. ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद करून बघा. व्हिडिओ आणि ॲनिमेशनचं काम ब्राउझर ग्राफिक्स चिपकडे सोपवतो. चिपचा ड्रायव्हर जुना असेल तर नव्या व्हर्जनशी त्याचं भांडण होतं. चार-पाच वर्षं जुन्या, ताई-दादाकडून आलेल्या लॅपटॉपवर हे हमखास तपासा. क्रोममध्ये सेटिंग्जमधल्या 'सिस्टीम'मध्ये हा पर्याय आहे. फायरफॉक्समध्ये 'जनरल'खाली 'परफॉर्मन्स'मध्ये आहे. बंद करा आणि ब्राउझर पुन्हा उघडा. क्रॅश थांबला तर तिथेच थांबू नका. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत साइटवरून ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करा आणि ॲक्सिलरेशन परत चालू करा. नाहीतर व्हिडिओ बघताना सगळा भार प्रोसेसरवर येईल आणि पंखा ओरडत बसेल.

५. अँटिव्हायरस अपडेट करा. काढून टाकू नका. २०१९ ची गोष्ट वर वाचलीच. कॉलेजच्या किंवा इंटर्नशिपच्या मशीनवर असाल तर याला स्वतः हात न लावता तिथल्या आयटीवाल्यांना सांगा.

६. नवं प्रोफाइल बनवा. तुमचे बुकमार्क्स, हिस्टरी, पासवर्ड, सेटिंग्ज असा सगळा संसार ज्या फोल्डरमध्ये असतो, ते तुमचं प्रोफाइल. अपडेटनंतर नवं व्हर्जन हा जुना संसार आपल्या पद्धतीने लावून घेतं आणि त्यात एखादी फाइल खराब असेल तर अडखळतं. ब्राउझर उघडत असेल तर दुसरं प्रोफाइल तयार करून त्यात चालवून बघा. क्रोम उघडतच नसेल तर विंडोजच्या 'लोकल ॲप डेटा' फोल्डरमध्ये गुगल, त्यात क्रोम, त्यात 'यूजर डेटा' असं जा. तिथलं 'डिफॉल्ट' नावाचं फोल्डर म्हणजे तुमचं पहिलं प्रोफाइल. क्रोम पूर्ण बंद असताना त्याचं फक्त नाव बदला, डिलीट करू नका. क्रोम उघडल्यावर नवं कोरं 'डिफॉल्ट' तयार होतं आणि जुना माल बाजूला सुरक्षित राहतो. फायरफॉक्समध्ये हेच काम 'रिफ्रेश' हा पर्याय करतो. त्यात एक्स्टेन्शन्स जातात, पण बुकमार्क्स आणि पासवर्ड राहतात.

७. इतकं करूनही काही होत नसेल, तरच रीइन्स्टॉल. क्रोम काढताना एक छोटा चौकोन दिसतो, 'ब्राउझिंग डेटाही डिलीट करा' अशा अर्थाचा. त्यावर टिक करू नका. सिंक नसेल तर त्या एका टिकमध्ये तीन वर्षांचे पासवर्ड आणि बुकमार्क्स जातात. आणि गंमत म्हणजे, टिक न करता रीइन्स्टॉल केलं तर जुनं प्रोफाइल तसंच राहतं. म्हणजे दोष प्रोफाइलमध्ये असेल तर रीइन्स्टॉल करून काहीच फरक पडत नाही. 'तीन वेळा टाकला, तरी तेच' असं लोक म्हणतात, त्याचं कारण हे.

फोनवरचे ॲप्सही पडतात

अँड्रॉइड फोनवर 'वेबव्ह्यू' नावाचा एक घटक असतो. एखाद्या ॲपच्या आत वेबपेज दिसतं, ते तो दाखवतो. मार्च २०२१ मध्ये त्याच्या एका अपडेटमुळे जगभर जीमेलसह अनेक ॲप्स उघडताच बंद पडू लागले. लोक जीमेल काढून पुन्हा टाकत होते आणि दोष जीमेलचा नव्हताच! शेवटी प्ले स्टोअरवरून वेबव्ह्यू आणि क्रोम दोन्ही अपडेट केल्यावर प्रश्न मिटला. तेव्हा फोनवर एकाच दिवशी तीन-चार वेगळे ॲप्स पडायला लागले, तर त्या ॲप्सच्या मागे लागण्याआधी प्ले स्टोअरमध्ये 'अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू' आणि क्रोमचं अपडेट आलंय का ते बघा.

हे मात्र करू नका

पहिली गोष्ट, अनोळखी 'फिक्स'. क्रॅशवर उपाय शोधताना किंवा एखाद्या साइटवर सहज फिरताना क्रोमसारखाच दिसणारा एरर बॉक्स येतो. 'दुरुस्तीसाठी विंडोज-आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर.' हा सापळा आहे. त्या पानाने तुमच्या क्लिपबोर्डमध्ये आधीच एक कमांड ठेवलेली असते आणि तुम्ही स्वतःच्या हाताने ती चालवता. २०२४ पासून हा प्रकार बराच पसरलाय, 'क्लिकफिक्स' या नावाने तो ओळखला जातो. पासवर्ड चोरणारं सॉफ्टवेअर असंच आत शिरतं. कुठलाही खरा ब्राउझर तुम्हाला असं करायला सांगत नाही. तसंच वेबपेजवर 'तुमचं क्रोम जुनं झालंय, इथून डाउनलोड करा' असं आलं तर टॅब बंद करा. खरं अपडेट ब्राउझरच्या मेन्यूतून येतं, पानावरच्या बटणातून नाही.

दुसरी गोष्ट, कुठल्या तरी साइटवरून जुनं व्हर्जन आणून टाकणं. त्या फाइलमध्ये काय आहे याची खात्री नसते. शिवाय नव्या व्हर्जनने वापरलेलं प्रोफाइल जुन्या व्हर्जनला बहुधा उघडता येत नाही. फायरफॉक्स तर अशा वेळी सरळ नवं प्रोफाइल बनवायला सांगतं.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, अपडेट्स कायमची बंद करणं. 'चालतंय ना, मग कशाला हात लावायचा' हे इथे महागात पडतं. सप्टेंबर २०२३ चं उदाहरण घ्या. 'वेबपी' या फोटोच्या फॉरमॅटचं काम करणाऱ्या कोडमध्ये एक गंभीर दोष सापडला. मुद्दाम बनवलेला एक फोटो पानावर दिसणं एवढ्यावर हल्ला होऊ शकत होता आणि हल्लेखोर त्याचा वापर करतही होते. तोच कोड क्रोम, एज, फायरफॉक्स सगळ्यांत होता. क्रोम आणि फायरफॉक्सची दुरुस्ती एका दिवसाच्या अंतराने आली. ज्यांचं अपडेट चालू होतं त्यांना यातलं काही कळलंही नाही. ज्यांनी ते बंद ठेवलं होतं, ते उघडे पडले. तुमचं यूपीआय, बँक, कॉलेजचं लॉग-इन, सगळं याच खिडकीतून जातं.

कॉलेजच्या लॅबमध्ये अजून विंडोज ७ वाले पीसी असतील तर तिथे क्रोम १०९ व्या व्हर्जनवर थांबलंय. फेब्रुवारी २०२३ पासून क्रोमला किमान विंडोज १० लागतं. अशा पीसीवर बँकेचं काम करू नका आणि लॅब असिस्टंट सरांच्या कानावरही घाला.

पुढच्या वेळेची तयारी

अपडेट टाळता येत नाही, पण कधी लावायचं ते बऱ्यापैकी तुमच्या हातात आहे. क्रोममध्ये अपडेट थांबलेलं असेल तर मेन्यूच्या जागी रंग दिसतो. हिरवा म्हणजे अपडेट नुकतंच आलंय, केशरी म्हणजे चारेक दिवस झालेत, लाल म्हणजे किमान आठवडा उलटलाय. ऑनलाइन टेस्ट किंवा कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म असेल तर दहा मिनिटं आधी 'रीलाँच' दाबू नका. आदल्या दिवशी दाबा आणि पाच मिनिटं वापरून बघा. बिघडलंच तर हातात अख्खी रात्र असते.

क्रॅशनंतर 'रिपोर्ट पाठवायचा का' असं विचारलं जातं. एरवी आपण 'नको' म्हणतो. पण एकाच प्रकारचे शेकडो रिपोर्ट आले की कंपनीला कळतं, कोणत्या ड्रायव्हरवर किंवा कोणत्या एक्स्टेन्शनमुळे काय पडतंय. पुढची छोटी दुरुस्ती त्यातूनच येते. कॉलेजच्या वाय-फायवर असाल तेव्हा पाठवून द्या.

आणि आज जेवण झाल्यावर दहा मिनिटं काढा. एक दुसरा ब्राउझर टाकून त्यात कॉलेजच्या पोर्टलवर एकदा लॉग-इन करून बघा. बुकमार्क्स एक्सपोर्ट करून ड्राइव्हवर ठेवा. पासवर्डसाठी सिंक चालू करा. पासवर्ड फाइलमध्ये एक्सपोर्ट केले, तर ती फाइल कुणालाही वाचता येते, म्हणून काम झालं की डिलीट करा. न लागणारी एक्स्टेन्शन्स काढा. मग ग्रुपवर कुणी 'ब्राउझर उडाला, वाचवा' असं टाकलं, तर 'अनइन्स्टॉल कर' म्हणण्याआधी त्याला एवढंच विचारा, 'व्हर्जन कोणतं? आणि इनकॉग्निटोमध्ये चालतं का?'